मदत हवी आहे: म्हशींच्या तापमानाच्या लॉगरचं कॅलिब्रेशन कोल्हापुरात कुठे होईल?

नमस्कार मंडळी,

पंढरपुरी म्हशींवर उन्हाचा ताण किती येतो, याचा अभ्यास करवीर तालुक्यातल्या गोठ्यांवर सुरू करतोय. म्हशीचं तापमान साधारण ३८.५ अंशांच्या आसपास असतं. भर दुपारी आणि पंचगंगेत डुंबून आल्यावर ते किती हलतं, हे पाहायचंय.

त्यासाठी डीएस१९२२एल जातीचे आयबटन (बटणाएवढे, तापमान नोंदवून ठेवणारे लॉगर) घेतलेत. ते ०.०६२५ अंशापर्यंत वाचतात, पण अचूकता मात्र ±०.५ अंशच. दिवसभरातला फरकच जिथे अंशभराचा, तिथे एवढी चूक चालणार नाही. कॅलिब्रेशन करून, म्हणजे खात्रीच्या थर्मामीटरशी ताडून, प्रत्येक लॉगर किती चुकतो ते स्वतंत्र काढावंच लागेल.

बर्फाच्या पाण्यात शून्य अंश छान मिळतो, पण आपलं काम ३८ जवळचं. एका टोकाला तपासून मधलं बरोबर येईल असं मी धरणार नाही. मला ३६ ते ४२ अंशांत पाणी ढवळत स्थिर ठेवणारा वॉटर बाथ हवाय, आणि सोबत एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र असलेला प्लॅटिनम रेझिस्टन्स थर्मामीटर. साधा लॅबमधला बाथ नको, त्यात कोपऱ्याकोपऱ्यात तापमान वेगळं असतं.

कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली भागात अशी सोय कुणाच्या पाहण्यात आहे का? शुल्क देऊ.

आणखी एक. लॉगरवर मेणाचा थर देणार आहोत. कॅलिब्रेशन थर दिल्यावर करावं असं मला वाटतं, आणि लॉगर काढल्यावर पुन्हा एकदा. प्रत्यक्ष काम केलेल्यांनी कृपया सांगा: प्रत्येक तापमानाला किती वेळ थांबता?