वजन किती उचलता, आठवड्यातून किती वेळा? (तालीम, जिम, गोणी, सगळं चालेल)

गिरणाकाठ
परवा माळा आवरताना आबांचा मुद्गल (तालमीत फिरवायचा जड लाकडी सोटा) सापडला. डोक्यामागून फिरवायला गेलो तर दोन फेऱ्यांत खांदा बोलायला लागला. आबा अमळनेरच्या तालमीत पहाटे शंभर जोर, दोनशे बैठका मारून शेतात जायचे असं घरात सांगतात. (मी लहान असताना जोर पन्नास होते. आकडा दरवर्षी वाढतो.)

त्यावरून माझं कॉलेज आठवलं. धुळ्याला जिम लावली होती. फी भरलीय ना, मग वसूल! आठवड्याचे सहा दिवस, रोज छाती आणि दंड. बेंच प्रेस (बाकावर आडवं पडून बार छातीवरून वर ढकलायचा) 40 वरून 50 किलोवर गेली आणि चार महिने तिथेच अडकली. परीक्षेत दहा दिवस खंड पडला. आता सगळं गेलं म्हणून घाबरत परत गेलो, तर 52.5 निघाले! तेव्हापासून तीनच दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी. तुमचं सांगा.

केळीवाला
आमच्याकडे कटाईला माणसं 20-25 किलोचा घड खांद्यावर टाकून दिवसभर बांधावर आणतात. दम लागत नाही. त्यातल्या दोघांना पोराच्या जिममध्ये नेलं, 100 किलोचा बार जमिनीवरून हलला नाही. रोज तेवढंच वजन, मग ताकदही तेवढीच.

पारोळेकर
मी युरियाची गोणी एका दमात उचलतो. बायकोला वाटतं ताकद वाढली. 2018 पासून गोणी 50 ची 45 किलो झालीय हे तिला सांगू नका 😄

सेट_रेप
ताकदच हवी असेल तर जड वजन, कमी रेप (वजन एकदा वर-खाली म्हणजे एक रेप, सलग मारलेल्या रेपांचा एक सेट). स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठक), बेंच, डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं). पाच रेपचे तीन ते पाच सेट, आठवड्यातून दोन-तीनदा. दोन सेटच्या मध्ये तीन मिनिटं बसा, मोबाईल बघा हवं तर. जमलं की पुढच्या खेपेला 2.5 किलो वाढवा. सलग तीनदा अडकलात तर दहा टक्के उतरवून परत चढा. पहिल्या दोन महिन्यांत दंड फुगत नाही पण बारवरचं वजन वाढतं, कारण आधी नसा (मज्जातंतू) शिकतात. पोरं नेमकी तिथेच कंटाळून सोडतात.

जळगाव_४५
तीन मिनिटं बसा म्हणे. मे महिन्यात पत्र्याच्या जिममध्ये बसून दाखवा. दुपारी बार हातात धरवत नाही. मी रात्री नऊला जातो.

पांझराकाठची
वय 51. हाडं ठिसूळ होताहेत म्हणून डॉक्टरांनी वजनं उचलायला सांगितली. सोमवार-गुरुवार, दोनच दिवस. पाण्याच्या बाटल्यांवरून सुरुवात, आता 12 किलोचं डंबेल छातीशी धरून बैठका मारते. सासूबाई म्हणाल्या, "कसाले व माय हाई?" (कशाला गं बाई हे?) स्वतः तरुणपणी डोक्यावर दोन हंडे आणि कडेवर पोर घेऊन विहिरीवरून यायच्या! तेही रोज.

केळीवाला
ताई, भारी 🙏

चोपडा_एक्सप्रेस
तो ग्रीक पैलवान मायलो रोज वासरू उचलायचा म्हणतात. वासरू वाढलं तशी ताकद वाढली, शेवटी बैल उचलला. मी आमच्या गोऱ्ह्यावर प्रयोग केला. तिसऱ्या दिवशी लाथ.

पारोळेकर
गोऱ्हा आता कसा आहे?

चोपडा_एक्सप्रेस
मजेत. मी लंगडतोय.

सावदेकर
हसू नका, मी कंबर घालवून बसलोय. शेजारचा 90 लावतोय म्हणून मीपण लावले, पाठ वाकवून ओढले. तीन आठवडे बुटाची लेस दुसऱ्याने बांधली. परत सुरुवात नुसत्या 20 किलोच्या बारपासून. लाज वाटली, पण सात महिन्यांत 90 सरळ पाठीने उचलले.

सेट_रेप
@सावदेकर बरोबर केलंत. जेवणात काय घेता?

सावदेकर
कळण्याची भाकरी आणि भरीत, अजून काय 😋

जळगाव_४५
भरिताची वांगी आली का बामणोदची? आमच्याकडे अजून चांगली नाहीत.

सावदेकर
आली. पण काड्यांवर भाजणारा शोधा, गॅसवरचं भरीत आम्ही मोजत नाही.

पांझराकाठची
विषय कुठे गेला 😀 गिरणाकाठ, मुद्गल भरला किती?

गिरणाकाठ
आज कापसाच्या काट्यावर ठेवला. आबांच्या गोष्टीत वीस किलोचा आहे. भरला नऊ. आईला सांगितलेलं नाही.