सल्ला हवा: लॅपटॉपवर इअरबडचा आवाज तुटतो, फोनवर नाही. नवीन घ्यावेत का?

झोपाळू_मांजर
मंडळी सल्ला हवाय आणि जरा घाईत हवाय, कारण सेल चालू आहे आणि कार्टमध्ये नवीन इअरबड टाकून ठेवलेत. घरून काम करते, ऑफिसचा लॅपटॉप, त्याला डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोनच टाइप-सी पोर्ट. म्हणून डाव्या बाजूला हब लावलाय आणि त्या हबमध्ये बाहेरचा मॉनिटर, एक एसएसडी (फाइली ठेवायची बाहेरची ड्राइव्ह) आणि वायरलेस माऊसचा तो नखाएवढा डोंगल. कानात ब्लूटूथ इअरबड. मीटिंग सुरू झाली की थोड्या वेळात टीममधले ओरडायला लागतात की तुझा आवाज कटतोय, मला मात्र त्यांचं बऱ्यापैकी नीट ऐकू येतं. गाणी लावली तर मधेच टक टक होऊन आवाज जातो आणि परत येतो. हेच इअरबड फोनला जोडून किचनपासून गॅलरीपर्यंत फिरते तेव्हा काही होत नाही. आयटीवाल्यांनी ड्रायव्हर अपडेट केला आणि तक्रारीचं तिकीट बंद करून टाकलं. बजेट तीन हजार. इअरबड बदलू, ब्लूटूथचा वेगळा डोंगल घेऊ, की अजून काही?

तांबडा_पांढरा
वायरवाले घ्या पाचशे रुपयांचे, विषय संपला. चार्जिंग नको, पेअरिंग नको, कटकट नको.

झोपाळू_मांजर
वायर नको हो, मीटिंग चालू असताना कुकर बंद करायला उठावं लागतं आणि एकदा लॅपटॉपच ओढला जाता जाता वाचलाय.

सोल्डरगन
आधी कार्ट रिकामं करा. फोनवर नीट चालतात म्हणजे इअरबड ठणठणीत आहेत, नवीन आणलेत तरी त्याच टेबलावर तेच होणार.

तुमच्या वर्णनातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे तुम्हाला त्यांचं ऐकू येतं पण त्यांना तुमचं तुटतं. म्हणजे लॅपटॉपकडून कानाकडे जाणारा सिग्नल पोचतोय, कानाकडून लॅपटॉपकडे येणारा हरवतोय. म्हणजे सिग्नल बिघडवणारा रेडिओ गोंगाट लॅपटॉपच्या जवळ आहे, तुमच्या कानाजवळ नाही. आणि लॅपटॉपजवळ काय आहे, तर हब आणि एसएसडी. माझा संशय शंभर टक्के तिथेच.

यूएसबी ३.० ची वायर सेकंदाला ५ गिगाबिट वेगाने डेटा नेते आणि त्या वेगामुळे कनेक्टरमधून, स्वस्तातल्या केबलमधून, हबच्या प्लास्टिकमधून जो रेडिओ गोंगाट बाहेर सांडतो तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही पडतो, जिथे ब्लूटूथ चालतं, माऊसचा डोंगल चालतो आणि जुनं वायफायही चालतं. ही काही इंटरनेटवरची अफवा नाही, इंटेलने २०१२ साली यावर मोजमापांसकट पेपर काढला होता, त्यात ३.० चं डिव्हाइस जोडल्यावर या पट्ट्यातला गोंगाट जवळपास २० डेसिबलने वाढलेला दाखवलाय. २० डेसिबल म्हणजे शंभरपट. जुन्या २.० चा वेग ४८० मेगाबिट, त्याने या पट्ट्यात असा त्रास होत नाही.

खर्च करण्याआधी एक करून बघा. गाणं लावा, एसएसडीवर एखादी मोठी फाइल कॉपी करायला लावा आणि ऐका. मग कॉपी थांबवा, एसएसडी काढा आणि परत ऐका. हब तसाच राहू द्या.

माळरान
माझ्या मते वायफायच असणार. बिल्डिंगमध्ये प्रत्येकाचा राऊटर २.४ वर, संध्याकाळी तर विचारू नका. राऊटरवर ५ गिगाहर्ट्झला शिफ्ट व्हा, माझ्याकडे त्यानेच फरक पडला.

सोल्डरगन
@माळरान ५ वर जावंच, फुकट आहे आणि तोटा काही नाही. लॅपटॉपमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ बहुतेक वेळा एकाच कार्डावर असतात, बऱ्याचदा अँटेनाही सामायिक, त्यामुळे वायफाय २.४ वर असेल तर दोघांना आळीपाळीने बोलावं लागतं आणि मोठं डाऊनलोड चालू असलं की ब्लूटूथच्या वाट्याला कमी वेळ येतो. तुमचा फरक बहुतेक त्यामुळेच पडला असेल.

पण शेजाऱ्यांच्या वायफायला चुकवायची सोय ब्लूटूथमध्ये आहे. इअरबडवाल्या ब्लूटूथचे ७९ चॅनल असतात, सेकंदाला १६०० वेळा ते उड्या मारत असतं, आणि २००३ च्या १.२ आवृत्तीपासून जिथे गर्दी दिसते ते चॅनल वगळून उरलेल्यांवर उडी मारतं. वायफायचा एक नेहमीचा चॅनल यातले वीसेक खातो, बाकीचे मोकळे राहतात. यूएसबीचा गोंगाट मात्र अख्ख्या पट्ट्यावर पसरलेला असतो. विसर्जन मिरवणुकीत एका चौकात डीजे असेल तर बाजूच्या गल्लीत जाऊन फोनवर बोलता येतं, सगळ्याच गल्ल्यांत ढोल असतील तर कुठे जाणार, तसं होतं ते. म्हणून ही केस वेगळी.

झोपाळू_मांजर
@सोल्डरगन करून बघितलं. अहो कॉपी सुरू झाली आणि दुसऱ्या मिनिटाला गाणं तुकड्या तुकड्यात यायला लागलं, वर माऊसचा बाण पण अडखळत अडखळत सरकायला लागला, त्याच्याकडे मी आधी कधी लक्षच दिलं नव्हतं, वाटायचं सेल संपत आला असेल. कॉपी कॅन्सल केली तर दोन्ही लगेच ठीक. एसएसडी काढून पण बघितली, तेव्हा मीटिंगमध्ये बहिणीला विचारलं तर म्हणाली आवाज स्वच्छ आहे. आता एसएसडी तर लागतेच, त्यावरच सगळा प्रोजेक्ट आहे. मग काय घेऊ?

अवकाळी_पाऊस
यूएसबीची एक्स्टेन्शन केबल घ्या. एक मीटरवाली. शंभर दीडशेत मिळते, मुंबईत लॅमिंग्टन रोडला त्याहून स्वस्त. डोंगल त्या केबलच्या टोकाला लावून माऊसपाशी आणून ठेवा, झालं.

सोल्डरगन
अर्धं बरोबर. एक्स्टेन्शनने माऊस सुटेल, कारण डोंगल गोंगाटापासून लांब जाईल आणि माऊसच्या जवळ येईल. पण इअरबडचा रेडिओ डोंगलमध्ये नाहीये, तो लॅपटॉपच्या पोटात आहे. त्यासाठी उलटं करायचं, गोंगाट लॅपटॉपपासून लांब न्यायचा.

@झोपाळू_मांजर हबची ती बोटभर लांबीची केबल असते ना, जिने हब लॅपटॉपला चिकटून लोंबकळतो, तीच खरी अडचण. बऱ्याच लॅपटॉपमध्ये अँटेना बिजागराच्या आसपास नाहीतर स्क्रीनच्या कडेला असते, म्हणजे हब अगदी तिच्या कुशीत बसलेला. गोंगाट अंतराबरोबर फार झपाट्याने पडतो, वीतभर सरकवलं तरी कानाला फरक कळतो. तर, खर्चाच्या चढत्या क्रमाने सांगतो.

फुकटात: एसएसडी हबमधून काढा आणि लॅपटॉपच्या उजव्या पोर्टला थेट लावा. केबल चांगली जाड शिल्ड (गोंगाट अडवणारं धातूचं आवरण) असलेली आणि हातभर लांब असेल तर एसएसडी स्क्रीनच्या मागे दूर ठेवता येईल. अँटेना कुठल्या बाजूला आहे हे माहीत नसतं, म्हणून दोन्ही बाजूंनी एकेकदा ऐकून बघा, एक बाजू नक्की बरी निघते.

दीडशेत: वरचं करून माऊसचा डोंगल एक्स्टेन्शनवर. एक्स्टेन्शन २.० ची घ्या, ३.० ची नको. माऊसला वेग लागतच नाही.

पाचशेच्या आसपास: ब्लूटूथचा वेगळा डोंगल, तोही एक्स्टेन्शनवर टेबलाच्या कडेला, आणि आतलं ब्लूटूथ डिव्हाइस मॅनेजरमधून बंद. विंडोजमध्ये एका वेळी एकच ब्लूटूथ रेडिओ धड चालतो. ऑफिसचा लॅपटॉप आहे म्हणजे हे करायला अ‍ॅडमिनची परवानगी लागेल, म्हणजे परत ते तिकीट. डोंगल हबलाच एसएसडीच्या शेजारी खुपसलात तर पाचशे रुपये पाण्यात.

माळरान
टाइप-सीची एक्स्टेन्शन मिळते ऑनलाइन, तीच हबला लावली तर? हबच लांब जाईल.

सोल्डरगन
नको. यूएसबीच्या मानकात टाइप-सी एक्स्टेन्शन बसतच नाही, विकणारे विकतात. मॉनिटर चालू-बंद होईल, एसएसडी मधेच सुटेल, आणि चार्जिंग हबमधून होत असेल तर मला काळजीच वाटेल. हब बदलायचाच असेल तर मुळात लांब केबलवाला घ्या, मेटल बॉडीचा. मेटल बॉडी म्हणजे हमी नाही, पण बारीक प्लास्टिकपेक्षा बरा.

आंबोळी
मधेच घुसतेय. माऊसच ब्लूटूथवाला घेतला तर? डोंगलची भानगडच नको. आणि ते केबलला काळं गोळ्यासारखं काहीतरी लावतात ते लावून फायदा होतो का?

सोल्डरगन
ब्लूटूथ माऊस चालेल, पोर्ट वाचेल. पण तो आणि इअरबड दोघंही लॅपटॉपच्या त्याच रेडिओवर, तेव्हा गोंगाट तसाच ठेवलात तर आधी एक आजारी होता आता दोन. माऊसचा डेटा किरकोळ असतो, त्याने इअरबडला फारसा धक्का लागत नाही. गेमिंग माऊस सेकंदाला १००० वेळा रिपोर्ट पाठवतो, तसल्याचा डोंगल ब्लूटूथ डोंगलला चिकटून असेल तर थोडा विचार करावा.

काळा गोळा म्हणजे फेराइट. साध्या क्लिपवाल्या फेराइटचा जोर बराच खालच्या फ्रिक्वेन्सीला असतो, २.४ गिगाहर्ट्झला त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. आणि कोणी अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा म्हणायच्या आत सांगतो, कनेक्टरपाशी फॉइलचा तुकडा सुटून पोर्टमध्ये गेला तर शॉर्ट होईल. नको ते उद्योग.

रात्रपाळी
मला पण कॉलवर त्रास आहे पण वेगळा. आवाज तुटत नाही, पण मीटिंग सुरू झाली की सगळं डबक्यातून आल्यासारखं येतं, मीटिंग संपली की गाणी परत झकास. हे पण यूएसबीमुळेच का? माझ्याकडे तर एसएसडी नाही.

अवकाळी_पाऊस
नाही, ते इंटरफेरन्स नाहीच. इअरबडचा माइक चालू झाला की नेहमीचं ब्लूटूथ हाय क्वालिटी स्टिरिओ सोडून कॉलच्या प्रोफाइलवर जातं, आवाज मोनो होतो आणि सॅम्पलिंग, म्हणजे आवाज सेकंदाला किती वेळा मोजला जातो ते, ८ नाहीतर १६ किलोहर्ट्झवर येतं. मीटिंगच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा निवडा आणि स्पीकर म्हणून इअरबड, त्यातही हँड्सफ्री लिहिलेला नाही, स्टिरिओवाला. विंडोज ११ वर नाव एकच दिसेल, तिथे नुसता माइक बदलला तरी पुरे.

रात्रपाळी
चाललं! इतके महिने मी इअरबडच्या कंपनीला शिव्या घालत होतो.

सोल्डरगन
@झोपाळू_मांजर हा उपाय तुम्हालाही लागू आहे बरं का. गाण्याला काही क्षणांचा बफर असतो, हरवलेलं पाकीट परत पाठवायला वेळ मिळतो. कॉलचा आवाज थेट असतो, परत पाठवायला फारशी सवड नसते, म्हणून गोंगाटात आधी कॉल मरतो, मग गाणं. लॅपटॉपचा माइक वापरलात तर तुमचा आवाज हवेतून येणारच नाही, समोरच्यांची तक्रार तिथेच संपेल. फक्त कुकरची शिट्टी जास्त ऐकू जाईल.

झोपाळू_मांजर
अपडेट देते. एसएसडी उजवीकडे थेट लावली, केबल बदलली (घरातच एक जाड पडलेली होती), एसएसडी मॉनिटरच्या स्टँडमागे ठेवली. डोंगलला एक मीटरची एक्स्टेन्शन आणली, दुकानदार ३.० चीच गळ्यात मारत होता, निळ्या टोकाची, म्हटलं काळी दाखवा. आज सकाळपासून मीटिंगा झाल्या, कोणी काही बोललं नाही. कॉपी चालू असताना गाणं एखाद दुसऱ्या वेळी अडखळतं, पण आधीसारखे तुकडे नाहीत, माऊस तर अगदी लोण्यासारखा. वायफाय पण ५ वर टाकलं. ब्लूटूथचा डोंगल सध्या घेत नाही.

@सोल्डरगन एक शंका राहिली. मॉनिटर अजून हबमध्येच आहे, त्याचा त्रास होत असेल का? ते एखाद दुसरं अडखळणं त्यामुळे?

सोल्डरगन
होऊ शकतो. मॉनिटरची केबल पण गोंगाट करते. रास्पबेरी पाय ४ या छोट्याशा कॉम्प्युटरचा किस्सा आहे, त्याला २५६० बाय १४४० वर मॉनिटर लावला की वायफायच मान टाकायचं, रिझोल्यूशन बदललं की परत जिवंत. तेव्हा एकदा मॉनिटर काढून कॉपी लावा आणि ऐका. फरक पडला तर केबल चांगल्या शिल्डची घ्या, नाही पडला तर जे राहिलंय ते एसएसडीचंच, कॉपी मीटिंगच्या वेळी लावू नका.

माळरान
माझ्या डेस्कटॉपचं पण सांगा ना. मदरबोर्डमध्येच वायफाय ब्लूटूथ आहे, कॅबिनेट टेबलाखाली, आणि खुर्ची जरा मागे घेतली की इअरबड तुटतात. मागे यूएसबी ३ ला काहीच नाही, फक्त कीबोर्ड.

अवकाळी_पाऊस
मागे वायफायच्या दोन सोनेरी स्क्रू असलेल्या पिना दिसतात का, आणि त्यांना अँटेना लावल्यात का? असेंबल करणारे बऱ्याचदा त्या बॉक्समध्येच ठेवून देतात. राऊटर जवळ असेल तर वायफाय त्यांच्याशिवायही कसंबसं चालतं म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, पण ब्लूटूथची पण अँटेना तीच. त्या नसतील तर वरून पत्र्याचं कॅबिनेट, मग तुमचे पाय, मग टेबल.

माळरान
पिना आहेत, नुसत्याच. बॉक्स माळ्यावर आहे, रविवारी काढतो.

अवकाळी_पाऊस
बहुतेक मॅन्युअलच्या खाली पिशवीत असतील. वायरवाली, मॅग्नेट स्टँडवरची अँटेना निघाली तर ती टेबलावरच ठेवा, कॅबिनेटच्या मागे नको.