ग्राफ्ट : कलम, रोपण की नुसतीच भर?

शब्दवेडा
दंतोपचारांच्या एका माहितीपत्रकाचं भाषांतर करतोय. आशय असा : कोन बीम सीटी (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) आणि तोंडातला स्कॅन संगणकावर एकमेकांवर बसवायचे, जबड्याचं हाड किती झिजलंय ते मोजायचं आणि त्या मापानं बोन ग्राफ्ट, सॉफ्ट टिश्यू ग्राफ्ट, म्हणजे कमी पडलेल्या जागी हाड किंवा हिरडी लावणं, आखायचं. मी 'अस्थिरोपण' आणि 'मृदू ऊती रोपण' लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी दोन्ही खोडून 'कलम' केलं. पुढच्याच ओळीत इम्प्लांटसाठी 'दंतरोपण' आहे, त्यामुळे रोपणावर रोपण होतंय हे कबूल. पण हाडाचं कलम? कानाला बरं लागतं का?

बोरू
लागतं की! ग्राफ्ट हा शब्दही मुळात लेखणीच आहे. ग्रीक 'ग्राफेइऑन' म्हणजे लिहायचं टोकदार साधन, त्यावरून जुन्या फ्रेंचमधला 'ग्रेफ'. खोडात खोचायची काडी तासली की लेखणीसारखी दिसते, म्हणून. आणि आपलं कलम तर अरबी-फारसीतून आलेली लेखणीच. याहून चपखल प्रतिशब्द कुठे मिळणार?

शुद्धमती
कलम संस्कृतातही आहे. दर वेळी फारसीच्या दारात कशाला जायचं?

बोरू
आहे ना, भाताच्या एका जातीचं नाव म्हणून. हाडात भात पेरायचाय का? अरबी 'कलम'ही ग्रीक 'कालामोस'वरून, म्हणजे बोरूवरूनच आल्याचं मानतात. माझ्या नावाला जागलो.

हिरडीवैद्य
व्युत्पत्ती झाली असेल तर आत काय घडतं ते बघू. टाळूतून काढलेली संयोजी ऊती, म्हणजे वरच्या त्वचेखालचा तंतुमय थर, हिरडीत शिवली की ती जगावी लागते. सुरुवातीला आजूबाजूच्या द्रवावर तगते, मग तिच्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात. हे खरं कलम. हाडाच्या बाबतीत बहुतेकदा आम्ही दाणेदार पदार्थ भरतो. तो जगत नाही, जगायचाही नसतो. ती परांची. शरीर तिच्यावर स्वतःचं हाड चढवतं. काही दाणे विरतात, काही वर्षानुवर्षं तसेच राहतात. एका पत्रकात दोन्हींना एकच शब्द वापरलात तर निम्मं पत्रक चूक. मी पेशंटला 'हाडाची भर' म्हणतो.

साधीसरळ
टाळूवरून आठवलं. माझ्या मावशीला सांगितलं, "टाळूची पातळ पट्टी काढून हिरडीला लावू." ती घरी येऊन विचारते, केस किती कापतील गं?

बोरू
मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणाऱ्यांनी तरी तोंडातली टाळू धरली नसणार!

लॅबवाला
ही हाडाची भर जागेवर धरून ठेवणाऱ्या जाळ्या मी बनवतो. सीटीच्या डायकॉम फाइलवरून जबडा उभा करतो, हवं तेवढं हाड पडद्यावर चढवतो आणि त्याच्यावर बेतून टायटॅनियमची जाळी. सीटीत हिरडी नीट दिसत नाही, म्हणून तोंडातल्या स्कॅनची एसटीएल, म्हणजे पृष्ठभागाच्या आकाराची फाइल, लागते. हिरडीचा अंदाज चुकला तर पुढे हिरडी फाटून जाळी उघडी पडू शकते. आम्ही म्हणतो 'जाळी प्रिंट मारली'. 'त्रिमितीय मुद्रण' लिहू नका. लेझरनं धातूची भुकटी थरावर थर वितळवतात, त्यात मुद्रण कसलं?

शुद्धमती
मग 'थररचना' म्हणा. आणि डिजिटलला 'अंकीय' हा सरळ शब्द आहे. 'अंकीय नियोजन'.

हिरडीवैद्य
'अंकीय नियोजन' वाचून पेशंटला बिलाचा हप्ता आठवेल. वैद्यकात डिजिटल तपासणी म्हणजे आधीपासून बोटानं केलेली तपासणी, तो घोळ निराळाच. 'संगणकावर आखणी' लिहा, मोकळे व्हा.

रोखठोक
तुमचं कलम-रोपण चालू द्या. माझी तक्रार वेगळी. संमतीपत्रात 'झेनोग्राफ्ट' एवढाच शब्द असतो. तो पदार्थ बऱ्याचदा गाईगुरांच्या हाडापासून केलेला असतो, वरचा कोलॅजन या प्रथिनाचा पडदा डुकरापासूनचाही असतो. सही करणाऱ्याला हे कळायला नको? इथे ना संस्कृत हवं ना इंग्रजी. 'जनावराच्या हाडापासून केलेले दाणे'. लांब झालं तर होऊ दे.

शुद्धमती
'परजातीय अस्थिकण'. चाराऐवजी दोन शब्दांत काम.

रोखठोक
आणि अर्थ शून्य शब्दांत. परजातीय वाचून लोक स्थळं आठवतील हो.

हिरडीवैद्य
रोखठोक यांच्याशी सहमत. पेशंटनं नको म्हटलं तर कृत्रिम कॅल्शियम फॉस्फेटचे दाणे असतात, स्वतःच्या जबड्याचं हाडही घेता येतं. पण आधी त्याला विचारता यावं लागतं.

शब्दवेडा
'जनावराच्या' करतोय. पण कलमाचं काय?

बोरू
त्याआधी 'ऊती' दीर्घच ठेवा, माहितीपत्रकांत 'उती' फार दिसतं. टिश्यू म्हणजे विणलेलं, संस्कृत ऊति म्हणजेही विणणंच. पुन्हा एकच उपमा!

साधीसरळ
मला एक सांगा, टाळू स्त्रीलिंगीच ना? मावशी तोंडातला 'तो टाळू' म्हणते आणि डोक्यावरची 'ती टाळू'.

शुद्धमती
संस्कृतात तालु नपुंसकलिंगी आहे.

लॅबवाला
झालं. आता तिसरं लिंग आलं.