हिरोशिगेची यात्रा: भक्ती की सहल?

घाटमाथा: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, "जपानी लाकडी ठशांच्या चित्रांत निखळ भक्ती दिसते, आपल्या वारीत नुसते सेल्फीवाले." डोकंच फिरलं. जपानी चित्रकार हिरोशिगेचं १८५५ चं मियागावा नदीचं, तीन कागद जोडून केलेलं चित्र बघा. इसेच्या देवस्थानाला निघालेली ही झुंबड, होड्या, निशाणं. देव कुठाय? तोकुगावा शोगुनांच्या राज्यात सामान्य माणसाला हिंडायला परवाना लागे आणि तीर्थयात्रा म्हटलं की तो सहज मिळे. देव ही सबब. चित्रं म्हणजे त्या हौसेची जाहिरात.

दक्षिणायन: सबब? १८३० साली काही महिन्यांत चाळीस लाखांवर लोक इसेला गेले, देश जेमतेम तीन कोटींचा. पोरं, नोकर मालकाला न सांगता पळाले, विनापरवाना! आणि हिरोशिगेचंच नुमाझू गावाचं चित्र विसरलात? चांदण्यात एकजण तेंगूचा, म्हणजे लांब नाकाच्या डोंगरी भुताचा, भलामोठा लाल मुखवटा पाठीवर घेऊन चाललाय, कोनपिराच्या देवस्थानाला वाहायला. सहलीला असलं ओझं कोण नेतं?

घाटमाथा: एक मुखवटा दाखवून लाखांचा हिशेब करताय. चालू द्या.

टेकडीवरून: मियागावाच्या चित्रात कुत्राही आहे, गळ्यात पवित्र दोर बांधलेला. मालकाला जमत नसेल तर कुत्र्याला इसेला धाडत. गळ्यात पैसे, वाटेतले लोक खाऊ घालत, पुढची वाट दाखवत.

शेंडेनक्षत्र: थापा. आमचा टॉमी कोपऱ्यावरच्या खाटकापुढे जात नाही.

बार्शीकर: तुमचा टॉमी शहरी. आमच्या आजोबांचा मोती दिंडीमागे पंढरपूरला गेला आणि चौथ्या दिवशी एकटा घरी. गावाने पाहिलंय.

शेंडेनक्षत्र: भाकरीच्या वासाने गेला असेल.

बार्शीकर: त्या मोतीसाठी आजोबा दर एकादशीला भाकरी बाजूला काढायचे. वारी न केलेल्यांनी शिकवू नये.

शेंडेनक्षत्र: सात वर्षं केलीय, आळंदीपासून. तुम्ही?

बार्शीकर: गुडघे.

टेकडीवरून: अहो, चित्रं! त्याच काळातल्या होकुसाईचं फुजी पर्वत चढणाऱ्यांचं बघा. त्याच्या फुजीच्या चित्रमालिकेत सगळीकडे मिरवणारं शिखर इथे गायब. काठ्या टेकत चढणारे आणि वर गुहेत अंग चोरून बसलेले. थकवा दिसतो त्यात.

घाटमाथा: होकुसाईचं मान्य. नाइलाजाने. पण त्याच फुजीवर बायकांना १८७२ पर्यंत मज्जाव होता, तेही लिहा.

दक्षिणायन: विषय बदलला म्हणजे हरलात. बरं, कुत्र्याला परवाना लागायचा का?

घाटमाथा: नसेल लागत.

दक्षिणायन: मग तो कोणत्या सबबीने गेला?

घाटमाथा: ठीक. कुत्रा भक्त, माणसं सहलीला. आता झोपू द्या.