प्रतिसाद: फ्लास्क ओला चालतो, ब्युरेट नाही

वर विचारलं आहे की टायट्रेशनआधी (माहीत तीव्रतेचं द्रावण थेंबाथेंबाने सोडून दुसऱ्यातलं प्रमाण मोजण्याआधी) सगळीच काचपात्रं डिस्टिल्ड वॉटरने धुतली तर बिघडतं काय. ब्युरेटमध्ये (मापाच्या खुणा आणि खाली कॉक म्हणजे तोटी असलेल्या काचनळीत) बिघडतं, आणि किती ते आकड्यांत बघा. ५० मिलीच्या ब्युरेटमध्ये १ मिली पाणी मागे राहिलं आणि वर ०.१ नॉर्मल (हे तीव्रतेचं एकक) सोडियम हायड्रॉक्साइड भरलं, तर आतलं द्रावण ०.०९८ नॉर्मल झालं. जिथे २०.० मिली लागायला हवं तिथे २०.४ लागेल. आपण ०.०५ मिलीसाठी डोळे ताणून मेनिस्कस (द्रावणाचा वक्र पृष्ठभाग) बघत बसतो आणि चूक त्याच्या आठपट! शिवाय एकदा भरलेल्या ब्युरेटमधून घेतलेली रीडिंग जवळपास सारखीच चुकतात, त्यामुळे ती छान जुळतात आणि शंकाही येत नाही. म्हणून ब्युरेट त्यात भरायच्या द्रावणानेच, थोडं थोडं घेऊन, दोन-तीनदा विसळा. कॉकखालच्या टोकातूनही सोडा. पिपेटचंही (ठरावीक माप उचलायच्या नळीचंही) तेच, फक्त ती ज्यातून भरायची त्या द्रावणाने.

कोनिकल फ्लास्कचं (शंकूसारखं पात्र, ज्यातल्या आम्लात ब्युरेटमधलं द्रावण सोडतात) मात्र उलट. त्यात आम्लाचे मोल (म्हणजे आम्ल एकूण किती ते) पिपेटने ठरवलेत, पाण्याने ते बदलत नाहीत. फ्लास्क आम्लाने विसळला तर भिंतींना चिकटलेलं आम्ल हिशेबाबाहेर वाढतं. एंड पॉइंटजवळ (रंग बदलायच्या बेतात असताना) भिंतींवरचे थेंब पाण्याने खाली धुणंही त्याच कारणाने चालतं. फिनॉल्फ्थॅलिन (रंग बदलून शेवट दाखवणारं दर्शक) वापरत असाल तर ते पाणी उकळून गार केलेलं बरं, कारण विरघळलेला कार्बन डायऑक्साइड थोडा अल्कली (इथे सोडियम हायड्रॉक्साइड) खातो.

आणि हो, ब्युरेटवरचं फनेल रीडिंगआधी काढा. त्यातून टपकलेला थेंब कुणाच्या लक्षात येत नाही.