टँकच्या आरओचं पाणी निम्म्यावर आलंय, मेंब्रेन बदलू का?

रंकाळा_डिस्कस:
डिस्कस माशांच्या टँकसाठी ७५ जीपीडीचा (दिवसाला ७५ गॅलन) आरओ लावलाय, २४ व्होल्टचा बूस्टर पंप, एफआर ४५० (वेस्ट पाण्याच्या नळीतला फ्लो रिस्ट्रिक्टर, मिनिटाला ४५० मिलीचा). रचना अशी: बाऊलमधला स्पन फिल्टर, मग इनलाइन सेडिमेंट फिल्टर, इनलाइन कार्बन फिल्टर, पंप, सोलेनॉइड व्हॉल्व्ह, मेंब्रेन. आधी २० लिटरचा कॅन पावणेदोन तासांत भरायचा, आता चार तास उलटून जातात. गच्चीवरच्या टाकीत नळाचं आणि बोअरचं पाणी एकत्र येतं, टीडीएस (विरघळलेले क्षार) ३४०, आरओनंतर १३. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं तेव्हा बाऊलमधला स्पन बदलला होता. बाकी सगळं दीड वर्षाचं. मेंब्रेन बदलायची वेळ आली का?

गप्पी_राजारामपुरी:
दीड वर्ष म्हणजे भरपूर झालं की! वर बोअरचं पाणी. मेंब्रेनवर क्षार बसलेत, बदलून टाका. तोवर एफआर काढून ठेवला तर प्रेशर मोकळं होईल.

शेवाळ_आणि_मॉस:
भावा, एफआर काढायला सांगू नकोस कुणाला. वेस्टची वाट अडवून धरतो म्हणून तर मेंब्रेनमध्ये प्रेशर तयार होतं. तो काढला की सगळं पाणी गटारात आणि कॅनमध्ये थेंब थेंब.

रंकाळा_डिस्कस दादा, आताच खर्च करू नका. टीडीएस १३ आहे म्हणून मेंब्रेन ठणठणीत, असंही मात्र धरू नका. क्षार बसलेला मेंब्रेन पाणी कमी देतो, पण बराच काळ टीडीएस चांगलाच दाखवतो. त्यामुळे निकाल टीडीएसवर नाही, वेस्टवर लागतो. मोजपात्र घ्या, मशीन दहा मिनिटं चालू द्या आणि एकेक मिनिट दोन्ही नळ्यांचं पाणी मोजा. ७५ जीपीडी म्हणजे दिवसाला २८४ लिटर, मिनिटाला साधारण १९७ मिली. वेस्ट ४५० च्या आसपास हवं.

शुद्ध कमी पण वेस्ट पूर्ण, तर मेंब्रेन चोक. शुद्ध कमी आणि वेस्ट भरमसाट, तर एफआर गेलाय किंवा चुकीचा बसलाय. वेस्ट जवळपास बंद आणि शुद्ध बऱ्यापैकी येतंय, तर एफआर तुंबलाय. तसं चालवत राहिलात तर मेंब्रेनची वाट लागेल. दोन्ही सारख्याच प्रमाणात घटले असतील तर मेंब्रेनला हातही लावू नका, दोष पंपात किंवा पंपाच्या अलीकडे आहे.

रंकाळा_डिस्कस:
शुद्ध ८० मिली, वेस्ट २१०. पंपाचा आवाजही बदललाय, मधेच टरटरतो.

शेवाळ_आणि_मॉस:
म्हणजे दोन्ही निम्म्याच्याही खाली, आणि टरटर म्हणजे पंप उपाशी आहे. आता पंपाच्या इनलेटची नळी काढून बादलीत सोडा, पंप बंद ठेवून. एका मिनिटात किती येतं ते बघा. शुद्ध आणि वेस्ट मिळून साडेसहाशे मिली लागतात, तेव्हा लिटरभर तरी यायला हवं. एक मीटर उंचीला जेमतेम १.४ पीएसआय मिळतं. टाकी चार मीटर वर असली तरी पंपाच्या अलीकडे पाण्याला पाच-सहाचाच धक्का असतो, त्यामुळे तिथे थोडं जरी अडलं तरी लगेच जाणवतं.

लिटरभर आलं तर मात्र ॲडॅप्टर तपासा. पंप चालू असताना मल्टिमीटर लावा. नुसता ॲडॅप्टर २४ दाखवतो आणि लोड आला की १८ वर बसतो, हे नेहमीचं दुखणं आहे. व्होल्टेजही ठीक असेल तर पंपाचं हेड बघायचं.

तांबट_सोल्डर:
सोलेनॉइडच्या तोंडाशी बारीक जाळी असते, तीही बघा. नळी कापताना निघालेले प्लॅस्टिकचे तुकडे तिथे अडकतात. नळी कात्रीने तिरकी कापू नका, ब्लेडने सरळ कापा, नाहीतर फिटिंगमध्ये हवा घेते आणि पंप तसाच टरटरतो.

रंकाळा_डिस्कस:
पंपाच्या इनलेटला मिनिटाला २५० मिली. बाऊलनंतर लगेच नळी काढली तर दीड लिटर. सेडिमेंटनंतर सव्वा लिटर. कार्बननंतर परत २५०. कार्बनचा डबा उलटा करून झटकला तर राखाडी रब्बा निघाला, वासही येतोय.

शेवाळ_आणि_मॉस:
सापडलं. पावसाळ्यातला बारीक गाळ सेडिमेंटमधून सुटून कार्बनमध्ये जाऊन बसला. बाऊलचा स्पन बदलला की काम झालं असं वाटतं, पण गढूळ पाण्याचा हंगाम संपला की इनलाइनची जोडीही बदलायची असते. सेडिमेंट आज चालतोय म्हणून ठेवू नका.

नवीन कार्बन बसवताना बाण पाण्याच्या दिशेने ठेवा. त्याच्या पुढची नळी पंपाला जोडण्याआधी बादलीत सोडून आठ-दहा लिटर पाणी जाऊ द्या, काळं यायचं थांबेपर्यंत. ती भुकटी मेंब्रेनवर गेली तर मग खरंच मेंब्रेन बदलावा लागेल. आणि कार्बन चोक होईपर्यंत थांबायचंही नाही. क्लोरीन पुढे गेला की मेंब्रेनचा पडदा खातो, तेव्हा पाणी कमी होत नाही, उलट वाढतं आणि टीडीएस चढतो. कॅन लवकर भरायला लागला म्हणून खूश होणारे मी पाहिलेत.

रंकाळा_डिस्कस:
दोन्ही बदलले. शुद्ध १५५, वेस्ट ४३०. आवाज गेला. १९७ का नाही? टाकीतलं पाणी सकाळी १८ अंश होतं.

शेवाळ_आणि_मॉस:
त्यामुळेच. ७५ चा आकडा २५ अंशांचा आहे. प्रत्येक अंशाला साधारण तीन टक्के पाणी घटतं, सात अंशांत वीसेक टक्के. १५५ बरोबर आहे. थंडीत मशीन दुपारी लावा, गच्चीवरची टाकी तापलेली असते. मार्चमध्येही १५५ च राहिलं, तर मात्र मेंब्रेनकडे बघू.

गप्पी_राजारामपुरी:
मोजपात्र घ्यायला चाललो लक्ष्मीपुरीत. माझ्या वेस्टची धार गेल्या आठवड्यापासून करंगळीएवढी झालीय.

शेवाळ_आणि_मॉस:
आणि शुद्ध बऱ्यापैकी येतंय? तर आधी मशीन बंद कर, मग बाजारात जा. एफआर बघ.