शब्दचर्चा : क्युकेत्सुकी

प्रश्न : जपानी ॲनिमेचं मराठी भाषांतर करतेय. ‘क्युकेत्सुकी’ला, म्हणजे रक्त पिणाऱ्या व्हॅम्पायरला, ‘वेताळ’ चालेल का?

उत्तर १ : वेताळ मुळीच नको. कोकणात-गोव्यात वेताळ गावचा राखणदार आहे, लोक त्याला नवस बोलतात. गोष्टीतला वेताळ प्रेतात शिरून विक्रमाला कोडी घालतो, कुणाच्या नरडीला लागत नाही. इंग्रज लेखक बर्टनने १८७० साली वेताळकथा इंग्रजीत नेल्या तेव्हा पुस्तकाच्या नावातच त्याचा व्हॅम्पायर करून टाकला. पुढच्याच वर्षी जपानी कथा इंग्रजीत नेणाऱ्या मिटफर्डने तिकडच्या नाबेशिमा घराण्याच्या कथेतल्या मायावी मांजरीलाही तेच नाव चिकटवलं. जपानीत ती ‘बाकेनेको’.

शब्दाची फोड अशी : ‘क्यू’ शोषणे, ‘केत्सु’ रक्त आणि शेवटचं ‘कि’ म्हणजे ओनी, जपानी राक्षस. ते चिन्ह एकटं आलं की ‘ओनी’ असंच वाचतात. त्यामुळे ‘रक्तपिशाच’ चपखल बसतो. मात्र तो ड्रॅक्युलाच्या कुळातल्या सुळेवाल्यांनाच लावा. जपानी लोककथांत रक्त पिणाऱ्यांना आपापली नावं आहेत. नैऋत्य जपानमधल्या अमाकुसा बेटांकडची इसो-ओन्ना, म्हणजे ‘किनाऱ्यावरची बाई’, घ्या. रात्री ती किनाऱ्याला बांधलेल्या होडीच्या दोरावरून वर चढते, झोपलेल्या माणसावर आपले केस पसरते आणि रक्त शोषून त्याचा जीव घेते. म्हणून अनोळखी ठिकाणी मुक्काम पडला की तिथले लोक दोर बांधत नसत, नुसता नांगर टाकत. तिला ‘रक्तपिशाच’ म्हटलं तर त्यातला समुद्रच नाहीसा होतो. मी ‘इसो-ओन्ना’च ठेवीन.

उत्तर २ : सहमत. लाक्षणिक अर्थाकडेही लक्ष असू द्या. एदोगावा राम्पोच्या १९३०-३१ मधल्या ‘क्युकेत्सुकी’ या कादंबरीत भूत कुठेच नाही, गुन्हेगार हाडामांसाचा माणूस आहे. तिथे ‘रक्तपिपासू’ शोभेल. आपण सावकाराला म्हणतो तसं.

प्रश्नकर्ती : आणि ‘किमेत्सु नो याइबा’ या ॲनिमेत? त्यातले खलनायक उन्हाने मरतात, त्यांचा म्होरक्या मुझानच्या रक्ताने माणसाचे तसले होतात.

उत्तर १ : लक्षणं व्हॅम्पायरची असली तरी मूळ शब्द नुसता ‘ओनी’ आहे. फेब्रुवारीत सेत्सुबुनच्या सणाला भाजलेले सोयाबीन फेकत ‘ओनी वा सोतो’ म्हणून ज्याला घराबाहेर घालवतात, तोच. आपल्या ‘इडा पीडा टळो’च्या जातीचं ते आहे. त्यामुळे ‘राक्षस’ करा, रक्त आपण होऊन घालू नका. उलट हागिओ मोतोने १९७२ पासूनच्या मांगात, म्हणजे चित्रकथेत, व्हॅम्पायरांना ‘बाम्पानेरा’ हे वेगळंच नाव वापरलंय. तसं काही आलं तर जसंच्या तसं राहू द्या.